पंचवीस शब्दांची मुभा

रेडक्रॉसच्या फॉर्मवर पंचवीस शब्दांची मुभा होती.
पणजीनं एकोणीसच वापरले.
ब्रनोहून गोकाक फॉल्सला यायला कागदाला दहा महिने लागले.
तोवर लिओआजोबा गिरणीत रंगमास्तर झालेले,
नखांत कायमची नीळ,
आणि लिहिणारीचा पत्ता
पत्ता म्हणून उरलेला नव्हता.

आम्ही ठीक. हिवाळा कडक आहे. तुझा कोट गेर्टाला दिला.
लवकरच घर बदलतोय. जेवत जा.

मराठीत हे चौदाच होतात.
आपले प्रत्यय शब्दाच्या कडेवर बसून फुकट प्रवास करतात.
म्हणजे माझ्याकडे अकरा शिल्लक.
त्या अकरांच्या जागेत
मी तीनशे बारा पानं घातली आहेत
आणि अजून पणजीला स्टेशनापर्यंत नेता आलेलं नाही.

बर्फ मी पाहिलेला नाही.
गिरणीच्या पिंजणखात्यात उडणारा कापूस लिहिला, त्याला बर्फ म्हटलं.
मग थंडी राहिली.
ती चोर्ल्याच्या घाटातून उसनी आणली,
काच न लागणाऱ्या पहाटेच्या बशीतून.
कोल्हापूरचे प्रकाशक म्हणतात, जमलंय,
पण धुराडं दिसू द्या,
वाचकाला एक दृश्य लागतं.

धुराडं.
संकेश्वरात आमच्या परसातून दिसायचं ते साखरेचं.
गळीत सुरू झालं की काजळी उडायची,
दोरीवरच्या चादरींवर काळे, हलके, तुटके काप,
बोट लावलं की पसरणारे.
गल्लीतल्या बायका कारखान्याला शिव्या घालत चादरी झटकायच्या.
गेर्टक्का झटकायची नाही.
काढून घ्यायची, पुन्हा धुवायची,
आतल्या खोलीत खिडकी लावून वाळत घालायची.
दर हंगामाला, चार-चार महिने.
हे मी प्रकाशकांना सांगितलेलं नाही.

दूधवालीशी ती कन्नड बोलायची,
आमच्याशी इथली मराठी,
टाके मोजताना फक्त जर्मन.
शिरगणतीवाला दारात वही उघडून विचारायचा, मातृभाषा?
शेजारपाजारचे कान ताठ,
आमच्या भागात ह्या रकान्यावरून दगडं उडालेत.
ती म्हणायची, कोरा सोड की तो. च्या घे आधी.

कोटाचं तिनं एकदाच सांगितलं, शेंगा सोलताना:
पहिल्याच दिवशी काढून घेतला.
आणि पुढची शेंग.

कादंबरीत मी तो काढू दिला नाही.
दोन हिवाळे तिच्या अंगावर ठेवला,
अस्तरात पाव लपवला, एकदा एक पेन्सिल,
एका मुलीला रात्रभर त्याच्या अर्ध्यात झोपवलं.
सगळं खोटं.
ज्यांचे कोट गेले त्यांच्या शेजारी बसून
मी आरामात शिवणकाम करत होते,
आणि टाका सुबक पडला की
खुशही होत होते, हे आणखी वाईट.

लाइट गेलेल्या एका संध्याकाळी
तिनंच विचारलं, काय लिहायलीस एवढं?
कंदिलात वाचून दाखवलं.
ती मान न हलवता ऐकत राहिली.
शेवटी मी थांबले, माफी कुठून सुरू करावी ते शोधत.

बटणं किती घातलीस?

सहा, मी म्हटलं.

पाच. खालचं लिओनं घालवलेलं, झाडावर चढून.
आई लावणार होती.
थोडा वेळ ती वातीकडे बघत बसली.
कोट ऱ्हाऊ दे अंगावर, म्हणाली,
बटण तेवढं काढ.

मी पेन्सिलीनं काढलं.
मग रात्रपाळीचा भोंगा झाला
आणि ती उठली.
दोरीवर कपडे होते.